मदत हवी आहे: घड्याळाच्या लॉकमध्ये दडलेली ही दुमडती कडी नक्की कशासाठी?

नमस्कार मंडळी,

धाकट्या मामाने त्याचं जुनं डायव्हर (म्हणजे पाणबुड्यांसाठीचं) घड्याळ मला दिलं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'खरं की खोटं' या वळणावर जातो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. स्विस आहे, स्टीलचा पट्टा, डायलभोवती फिरती कडा, म्हणजे बेझल. मामा स्वतः तलावाच्या पायरीवर बसून फक्त पाय बुडवणाऱ्यांपैकी.

गेल्या आठवड्यात गाडी चालवताना गिअर बदलला आणि घड्याळ सर्रकन अंगठ्याच्या बुडाशी आलं. वाटलं, पिन तुटली. पाहतो तर लॉक व्यवस्थित बंद, पण लॉक आणि पहिली कडी यांच्यामध्ये अडीचेक सेंटिमीटरची एक पातळ पट्टी उघडी पडलेली. काळपट, मळ धरलेली, पॉलिश वगैरे काही नाही. दुमडून दाबली तर टक् करून परत आत. इतकी वर्षं घड्याळ वापरून मामालाही तिचा पत्ता नव्हता!

एका घड्याळवाल्याला दाखवलं. "एक्स्टेन्शन आहे, काही कामाचं नाही, काढून टाकू का?" म्हणाला. मी घड्याळ उचलून घरी आलो.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. सकाळी पट्टा बरोबर बसतो, दुपारी उन्हातून आलो की रुततो आणि मनगटावर कड्यांची नक्षी उठते. ही पट्टी त्यासाठीच असावी म्हणून उघडून पाहिली, तर घड्याळ बांगडीसारखं कोपराकडे निघालं. डबीत दोन सुट्या कड्या आहेत. त्यातली एक लावली तर सकाळी डायल मनगटाच्या खालच्या बाजूला गेलेली असते. नेटवर 'एक्स्टेन्शन लिंक' शोधलं की कोणी सुट्या कड्यांबद्दल बोलतं, कोणी दुमडत्या पट्टीबद्दल, कोणी सरकणाऱ्या लॉकबद्दल. हे सगळं एकच का? आणि एवढ्या भारी घड्याळात असला पत्र्याचा तुकडा कशाला?

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

सेकंदकाटा:

काढू दिलं नाहीत, उत्तम केलंत. गोंधळ तुमचा नाही, एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू फिरतात.

सुट्या कड्या म्हणजे पट्ट्याचं मूळ माप. ते मनगटाप्रमाणे एकदाच ठरवायचं. एक कडी काढली-घातली की साधारण सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो, रोजच्या फुगण्यासाठी तो फारच मोठा.

तुमची दुमडती पट्टी पाणबुड्यांसाठी आहे. थंड पाण्यात उतरणारे निओप्रीनचा (फेसाळ रबराचा) जाड सूट घालतात आणि घड्याळ त्याच्या बाहीवरून बांधतात. आता शाळेतलं गणित आठवा. सूट ३ मिमी जाड असेल तर मनगटाची त्रिज्या ३ मिमीने वाढली, म्हणजे घेर २π गुणिले ३, जवळजवळ १९ मिमीने वाढला. ५ मिमीच्या सुटाला ३१ मिमी. बोटाच्या पेराएवढी वाढ आहे ही! म्हणून ती पट्टी अंगावर येण्याइतकी लांब वाटते. रोलेक्स सबमरिनरचं ग्लाइडलॉक, म्हणजे सरकणारं लॉक, २-२ मिमीच्या टप्प्यांनी एकूण सुमारे २० मिमी सरकतं आणि कंपनी ते ३ मिमीच्या सुटासाठी सांगते. वरचं गणित लावून बघा, बरोबर बसतं. त्यांच्याच डीपसीमध्ये ग्लाइडलॉक आहेच, वर २६ मिमीची दुमडती फ्लिपलॉक कडीही दिली आहे, कारण तिथे ७ मिमीचा सूट धरलाय.

अजून एक गंमत. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट, आणि त्या बुडबुड्यांचं आकारमान त्याच हिशोबाने आक्रसतं. काठावर घट्ट बांधलेलं घड्याळ खोलात सैल होऊन बाहीवर फिरायला लागतं. २०१२ साली आलेल्या ट्यूडर पेलागोसच्या लॉकमध्ये यासाठीच स्प्रिंग बसवली आहे. सूट चेपला की पट्टा आपोआप आवळतो, वर येताना पुन्हा सैल सोडतो.

पत्रा का, तर जुनी लॉकं सर्रास पत्रा दुमडून केलेली असायची. हलकी, पातळ आणि झाकणाखाली लपणारी. मला तरी ती आजच्या ठोकळ्यांपेक्षा हाताला बरी लागतात, पण हा माझा हेका.

लोलक:

म्हणजे बादलीत हात घालण्यापलीकडे पाण्याशी संबंध नसलेल्या आमच्यासारख्यांनी ती पट्टी जन्मभर मिरवायची? छान!

सेकंदकाटा:

@लोलक, बेझल तरी किती वेळा फिरवता? चहा उकळायला ठेवल्यावरच ना?

पण तुमच्या टोमण्यात तथ्य आहे. कंपन्यांनाही ते कळलं, म्हणून तिसरा प्रकार आला: रोजच्या वापराचा छोटा विस्तार. रोलेक्सच्याच जीएमटी-मास्टर टू किंवा एक्सप्लोररच्या लॉकमधली ईझीलिंक फक्त ५ मिमी उघडते. त्यात कुठलाही सूट मावणार नाही, ती दुपारच्या सुजलेल्या मनगटासाठीच आहे. ट्यूडरचं टी-फिट पाच टप्प्यांत ८ मिमी देतं. धागाकर्त्यांना हवंय ते हे, आणि हातात आहे ते दुसरंच.

पट्टा केसलाच (घड्याळाच्या धातूच्या पेटीलाच) जोडून घडवलेल्या उंची स्पोर्ट्स घड्याळांत ही सोय फार उशिरा आली. पाटेक फिलिपची नॉटिलस १९७६ ची, पण लॉकमध्ये २ ते ४ मिमी वाढवायची सोय २०२२ च्या ५८११ मॉडेलमध्ये दिसते. तोवर एवढ्या किमतीचं घड्याळ घालूनही माणूस दुपारी मनगट चोळतच बसायचा.

पिनचिमटा:

सगळे इतिहासात रमलेत, पट्टी आपोआप उघडली त्याचं काय? ते आधी बघा, नाहीतर पुढच्या वेळी घड्याळ रस्त्यावर.

अशा पट्ट्या बहुतेक वेळा एका बारीक उंचवट्यावर अडकून बंद राहतात. तो झिजला किंवा खाचेत मळ साचला की पकड जाते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. आधी घड्याळाची चावी पूर्ण आत आहे ना, स्क्रूची असेल तर आवळलेली आहे ना, हे पाहा. जुन्या घड्याळाच्या सीलवर विश्वास नसेल तर पट्टा सोडवून वेगळा धुवा. वाळला की पट्टी बंद करा, घड्याळ गादीवर धरून झटका द्या. तरी उघडली तर घड्याळवाल्याकडून पकड थोडी घट्ट करून घ्या. स्वतः पक्कड लावू नका, जुना पत्रा पटकन तडकतो.

आणि लॉकच्या कडेला बारीक छिद्रांची ओळ आहे का? असेल तर तुमचा प्रश्न तिथेच सुटेल.

धागाकर्ता:

आहे! चार छिद्रं. मी त्यांना नक्षी समजत होतो.

पिनचिमटा:

आत स्प्रिंग बार असतो, म्हणजे टोकं आत दाबली जाणारी बारीक दांडी. टूथपिकने एका बाजूने दाबायचा आणि शेजारच्या छिद्रात सरकवायचा. टूथपिकच, सुई नको, ओरखडे पडतात. हे टेबलावर करू नका, बार उडाला की जमिनीशी टाळ्या वाजवत शोधाल. पारदर्शक पिशवीत हात घालून करा. आणि माप घ्यायचं ते दुपारी, मनगट फुगलेलं असताना. सकाळी करंगळी जेमतेम शिरेल इतकं सैल राहिलं तर चालतं.

धागाकर्ता:

पिशवीची सूचना वाचली आणि तरी टेबलावर केलं. बार सोफ्याखाली सापडला, वीस मिनिटांनी.

पट्टा वेगळा करून धुतला. पाणी अक्षरशः काळं झालं. आता पट्टी बंद करताना आवाजच बदललाय, आधी मऊ टक् व्हायचं, आता खणखणीत. गादीवर दहा-बारा झटके दिले, उघडली नाही. बार एक छिद्र बाहेर सरकवला, सुट्या कड्या डबीतच ठेवल्या. काल दुपारी पहिल्यांदा नक्षी उठली नाही.

फक्त आता लॉक मनगटाच्या मध्यावर न येता जरा करंगळीच्या बाजूला जातंय. सहाच्या बाजूची एक कडी काढून बाराच्या बाजूला लावली तर मध्यावर येईल का? पिनवर बाण कोरलेत, त्या कुठल्या दिशेने ठोकायच्या?

पिनचिमटा:

येईल. बाणाच्या दिशेने बाहेर, उलट दिशेने आत. आणि या वेळी खरंच पिशवी घ्या.