एमएस्सी बायोटेकनंतर कॉम्प्युटेशनल बायॉलॉजीत पीएचडी, काय काय लागतं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, मी नाशिकची, एमएस्सी बायोटेकचं शेवटचं वर्ष चालूय, ६० टक्क्यांच्या आसपास पडतील. वेट लॅबमध्ये (रसायनं, पेशी घेऊन हाताने प्रयोग) जीव रमत नाही, डेटा बघायला आवडतं. पायथनचा एक ऑनलाइन कोर्स अर्धवट पडलाय, गणित बारावीनंतर सुटलं. घरचे म्हणतात पुण्यापर्यंत ठीक, त्यापुढे नाही. जमेल का?

निफाडकर
पीएचडीला मास्टर्सचे ५५ टक्के लागतात, ते झालं तुझं. आता सीएसआयआर नेट, म्हणजे विज्ञानवाल्यांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. त्यात जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) बसली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, मग ४२, वर एचआरए (घरभाडं भत्ता). २०२४ पासून जेआरएफ हुकली तरी नेटच्या मार्कांवर पीएचडीला घेतात, ७० टक्के वजन नेटला नि ३० मुलाखतीला, पण फेलोशिप त्यासोबत येत नाही हे घरी आधीच सांगून ठेव. गेट नि जेजीबिल्स (बायॉलॉजीच्या पीएचडीची प्रवेश परीक्षा) यांचे फॉर्मपण भर.

सीबीएस_ते_शिवाजीनगर
दादांनी परीक्षांचं सांगितलं ते बरोबरच, पण पोरं अडकतात मुलाखतीत. आमच्याकडे हमखास विचारतात: दोन गटांत फरक आहे का म्हणून २० हजार जीन्स तपासले, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली की निवडायचं ठरवलं, आणि खरा फरक एकाही जीनमध्ये नाही, तर किती जीन्स हाती लागतील? हजारेक, निव्वळ योगायोगाने. मग पुढचा प्रश्न, आता काय करशील, आणि इथे बायोटेकवाले गप्प होतात. त्यामुळे ताई, प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स आणि मॅट्रिक्स आत्ताच काढ, पायथन त्याच्यासोबत होतं. जीईओ या ऑनलाइन डेटा-भांडारातून कुठलाही आरएनए-सीक डेटा (कुठला जीन किती चालू आहे त्याची मोजणी) उतरव, फुकट असतो, आर (R) या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतः अॅनालिसिस करून बघ, मुलाखतीत बोलायला सर्टिफिकेटपेक्षा ते कामाला येतं.

आत गेल्यावर कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. नियमाने कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, मुलींना अजून २ ची सवलत मिळू शकते. ३ मध्ये सुटलेलं मी तरी कोणी पाहिलं नाही, घरी ५ सांग. यूजीसीने २०२२ च्या नियमांत थीसिसआधी पेपर छापायची सक्ती काढली, तरी संस्थेचा नियम नि गाइडची अपेक्षा वेगळी असू शकते, विचारून घे.

गोदाकाठची
बापरे, तो हजारवाला प्रश्न मलापण नसता आला 😅 पुण्यात कुठे बघू?

सीबीएस_ते_शिवाजीनगर
आयसर, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), एनसीसीएस (पेशी विज्ञानाची राष्ट्रीय संस्था), विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर, पुण्यातच एवढं आहे, घरचे खूश. चेन्नईच्या आयएमएससी या गणिताच्या संशोधन संस्थेचं नाव मात्र घरी हळूच काढून बघ, गणिताकडून बायॉलॉजी करायची तर ती जागा भारी आहे.

मिसळप्रेमी
गाइड बघताना त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. माझ्या मैत्रिणीला एका ठिकाणी अख्ख्या डिपार्टमेंटचे ग्राफ काढायला बसवलं होतं, कॉम्प्युटर येतो ना तुला म्हणून, स्वतःचं काम रात्री. कॉम्प्युटेशनल मुलगी लॅबमध्ये एकटीच असली की असं होतं.

गोदाकाठची
हे कोणीच सांगितलं नव्हतं. आधी नेटचा फॉर्म भरते, आणि दादा, स्टॅटिस्टिक्सला मराठीतून समजावणारं नाशकात कोणी आहे का? कॉलेज रोडच्या बाजूला असेल तर बरं.