मदत हवी आहे : दिवसभर पथ्य पाळते, रात्री भावाचा फोन आला की सगळं मोडतं

नमस्कार. मी साताऱ्याची, वय ४४, वजन ८१ किलो. दीड वर्षापूर्वी बाबा गेले तेव्हा ७० होतं.

काय खावं ते कळतं, त्यामुळे कृपया डाएट चार्ट देऊ नका. सकाळी सहाला अजिंक्यताऱ्याच्या चढावर असते. दुपारी एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. संध्याकाळपर्यंत काही चुकत नाही. रात्री नऊनंतर धाकट्या भावाचा फोन येतो, शेताच्या वाटणीवरून. दहा मिनिटांचं बोलणं, पण फोन ठेवला की पाय स्वयंपाकघराकडेच वळतात. जेवून तासही झालेला नसतो. शेंगदाण्याचा लाडू, उरलेला भात, फरसाण, सगळं उभ्या उभ्या, दिवा न लावता. घरात कंदी पेढे असले तर आधी तेच. बाबा दर शनिवारी मोती चौकातून पेढ्यांचा पुडा आणायचे. ते गेल्यापासून मीच आणायला लागले, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रविवारी त्याचा फोन नसतो. त्या रात्री मी काहीच खात नाही.

सकाळी स्वतःचा इतका राग येतो की कडकडीत उपास धरते, आणि रात्री दुप्पट खाते. घरचे म्हणतात, मनावर ताबा ठेव. आहारतज्ज्ञांकडे गेले, काट्यावर उभं करून त्या रागावल्या. त्या रात्री सगळ्यात जास्त खाल्लं.

यातून कुणी गेलंय का? फोन आणि डबा यांच्या मधली पाच मिनिटं कशी काढलीत? समुपदेशकाकडे जावं का?

प्रतिसाद :
ताई, मी सांगलीचा. २०१९च्या पुरात घरात पाणी होतं. त्यानंतर वर्षभर रात्री उठून खायचो, पाऊस लागला की जास्तच. आधी तो उपास सोडा. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि गोड-तेलकट हवंसं वाटतं. त्यात दिवसभर उपाशी, झोप अपुरी, मग रात्री ताबा राहणार कुठून? समुपदेशकांनी मला वही ठेवायला लावली. खाण्याआधी वेळ आणि त्याआधी काय घडलं, एवढंच लिहायचं. कॅलरी नाहीत, वजन नाही. तुम्ही रविवारचं ओळखलंत, म्हणजे निम्मी वही झालीच. जरूर जा. थांबवताच येत नाही असं भरमसाट खाणं आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि भावाला सांगा, फोन दिवसा कर.

धागाकर्ती :
दादा, वाचून रडू आलं. भावाला मेसेज केला, दुपारी बोलू म्हणून. ‘बरं’ म्हणाला. उद्या १४४१६ लावते. पेढ्यांचं मात्र कळत नाही. पुडा आणला नाही तर शनिवार जात नाही.