मदत हवी आहे: कोचीत राहायचं कुठे, फोर्ट कोची की एर्नाकुलम?

नमस्कार मंडळी. खारघरहून आम्ही पाचजण दिवाळीच्या सुट्टीत कोचीला निघतोय. दोन मुलं आणि सासूबाई सोबत. त्यांचे गुडघे बेजार, पण उत्साह आमच्यापेक्षा दांडगा. पनवेलहून नेत्रावतीची तिकिटं झाली आहेत.

मासेमारीची चिनी जाळी, 1503 सालचं सेंट फ्रान्सिस चर्च (वास्को द गामाला 1524 मध्ये आधी इथेच पुरलं होतं, लेकाच्या पुस्तकात तो नुसता कालिकतला उतरतो), मट्टनचेरी राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं आणि ज्यू टाउन हे नक्की. राजवाडा शुक्रवारी आणि ज्यू टाउनमधलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद, म्हणून दोन्ही गुरुवारीच उरकेन.

घोळ आहे तो राहण्याचा. फोर्ट कोचीत सगळं चालत बघता येईल, पण होमस्टेमध्ये बहुतेक वरच्या मजल्याच्या खोल्या दाखवतात आणि लिफ्ट नाही. एर्नाकुलमला लिफ्टवालं हॉटेल घेऊन हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोने रोज ये-जा जमेल का? बोटीत चढताना पायऱ्या लागतात का, गर्दी किती असते?

दुसरं, अलप्पुळाची हाउसबोट. रात्री ती एका जागी बांधूनच ठेवतात म्हणे, मग मुक्कामाचे पैसे कशाला? दिवसाची फेरी पुरेल ना?

मुन्नार मी यादीतून काढलंय. एका बाजूने 130 किलोमीटर, त्यात घाट, आणि धाकटीला माळशेजमध्येच उलट्या होतात. नवरा अजून कुरकुरतोय, त्याला कुणीतरी समजवा.

आणि हो, सासूबाईंच्या मते खोबरेल फक्त केसांना लावायचं असतं. साधं शाकाहारी जेवण कुठे मिळेल?