विषय: भावाचं डोकं (क्लस्टर हेडेक) – नागपुरात ऑक्सिजनची सोय कशी करायची?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या ई-मेल लिस्टवर पिकनिकच्या डब्यांची चर्चा चालू असताना मध्येच वेगळं विचारतेय, माफ करा.

माझा धाकटा भाऊ नागपूरला असतो, प्रतापनगरात. गेले तीन आठवडे रोज रात्री दोनच्या ठोक्याला उठून बसतो. म्हणतो, "ताई, उजव्या डोळ्यामागं कोणी तापलेली सळई फिरवून राह्यलं." इथे न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे साडेचार. मी ऑफिसात, आणि वहिनीचा व्हिडिओ कॉल. भाऊ गच्चीवर येरझारा घालतोय, मधेच कठड्याला डोकं टेकतोय, डोळ्याला धार, पापणी अर्धी खाली आलेली, त्याच बाजूचं नाक गळतंय. तासाभरात सगळं ओसरतं आणि हा चहा मागतो. आईला सुरुवातीला नाटकच वाटलं.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत असंच झालं होतं. आधी सायनस म्हणून अँटिबायोटिक्स, मग एकांनी दाढ काढली. चांगली दाढ होती हो! सहा आठवड्यांनी दुखणं आपोआप थांबलं आणि श्रेय दाढेला गेलं. यंदा रामदासपेठेतल्या एका न्यूरोलॉजिस्टनी शांतपणे ऐकून घेतलं आणि क्लस्टर हेडेक सांगितलं, म्हणजे काही आठवडे ठरल्या वेळी एकाच बाजूला उठणारी भयंकर डोकेदुखी. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. झटके कमी करायला व्हेरापामिल, थोडे दिवस प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), आणि चिठ्ठीवर ऑक्सिजन. घरी कोविडच्या वेळचा, मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) होता, तो लावला. काडीचाही फरक नाही. कुणाला अनुभव आहे का?

– प्रतापनगरची लेक

---

ताई,

मी तुमच्या मंडळातून नागपुरात परतलो, पण लिस्ट सोडली नाही. हे डोकं अकरा वर्षांपासून माझ्याकडे मुक्कामी आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कॉन्सन्ट्रेटर कोपऱ्यात सरकवा. पाच लिटरनं आपलं भागत नाही. शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १२ ते १५ लिटर लागतो, तोही पिशवी असलेल्या नॉन-रिब्रीदर (सोडलेला श्वास परत आत न येऊ देणाऱ्या) मास्कमधून. नाकातल्या नळीनं नाही. २००९ मध्ये यावर एक चांगली चाचणी छापून आली : १२ लिटरनं १५ मिनिटांत ७८ टक्के वेळा दुखणं गेलं, साध्या हवेनं २० टक्के. सिलेंडर धंतोलीच्या बाजूला भाड्यानं मिळतो, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. बी टाइपच्या सिलेंडरमध्ये अंदाजे १५०० लिटर मावतात. एका झटक्याला १८० लिटर धरा, म्हणजे कागदावर आठ झटके, प्रत्यक्षात सहा-सात. दोन सिलेंडर ठेवा, एक भरायला गेला की एक घरी. फ्लोमीटर (ऑक्सिजनचा वेग दाखवणारं मीटर) १५ पर्यंत जातो का ते दुकानातच बघा, माझा पहिला १० वरच अडायचा आणि ते मला रात्री दोनला कळलं.

डोळ्यामागं पहिली चुणचुण झाली की लगेच बसायचं. खुर्चीवर, पुढे झुकून, मास्क गालाला घट्ट. "थोडं बघू, जाईल" म्हणत दहा मिनिटं घालवली की ऑक्सिजनलाही दमछाक होते.

वेदनाशामक गोळीनं रात्रीचा झटका धरता येत नाही, ती पोटात विरघळेपर्यंत हा गावभर फिरून येतो. झटका थांबवायला सुमाट्रिप्टनचं ६ मिलिग्रॅमचं कातडीखालचं इंजेक्शन आहे. ते हृदयविकार किंवा आवाक्यात नसलेलं बीपी असणाऱ्याला चालत नाही, आणि चोवीस तासांत दोनच्या वर नाही. डॉक्टरांशी बोलून घ्या. व्हेरापामिल सुरू करताना ईसीजी काढला का? डोस वाढवताना पुन्हा काढायचा असतो. आणि ग्रेपफ्रूट नको, त्यानं औषध रक्तात वाढतं. आपल्या संत्र्याला हात लावू नका असं कुणी म्हणालं नाही, घाबरू नका.

बिअर? हा झटक्यांचा मोसम संपेपर्यंत एक घोटही नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असेल तर ते भांडण तुमच्या वहिनीचं. कूलरसमोरची दुपारची झोपही काहींना झटका आणते, मला आणायची.

एक गोष्ट गंभीरपणे. गच्चीवर रात्री एकटा सोडू नका. असल्या दुखण्यात माणूस नको ते बोलतो. बोललाच तर थट्टेवारी नेऊ नका, डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

– परतलेला काका

---

काका, जलनेती आणि गायीचं तूप नाकात. माझ्या साडूचं मायग्रेन कायमचं गेलं.

– एडिसनचा वाचक

---

साडूंना शुभेच्छा. पण मायग्रेनवाला अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो, आणि हा पडूच शकत नाही, फिरतो. नाक गळतं ते सायनसनं नव्हे. चेहऱ्याच्या नसेतून वेदना गेली की त्याच बाजूचे डोळा-नाक पाझरतात, तशी आतून जोडणी आहे. आणि घड्याळ लावल्यासारखं दोनला येतं, कारण झोपजागेची वेळ सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस यात सामील आहे. तुपाच्या मी विरोधात बोलत नाही, ते पोळीवर घ्या.

– प. काका

---

काका,

ईसीजी काढला नव्हता. काल काढला, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, आता डोस वाढवला.

सिलेंडर सोमवारी आला. तो कुठे ठेवायचा यावरून घरात दोन तास गेले. वहिनीनं जागेच्या सोयीनं देवघराशेजारी ठेवला होता, आणि आईची समई बाजूलाच तेवत होती, ऑक्सिजनजवळ ज्योत! मी फोनवर ओरडले तेव्हा आईनं मुकाट्यानं समई पलीकडच्या खोलीत नेली. तिनं समईची जागा कधी बदललेली नाही, चाळीस वर्षांत. सिलेंडर आता व्हरांड्यात, उशाशी मास्क.

काल साडेचारला फोन वाजला आणि माझा हात थरथरला. वहिनी होती. भाऊ खुर्चीत पुढे झुकून बसलेला, पिशवी फुगतेय, बसतेय. आम्ही तिघंही गप्प. सतरा मिनिटांनी त्यानं मास्क काढला, घाम पुसला आणि म्हणाला, "बापा, थांबलं." मग आईकडे बघून : "चहा नको. झोपतो."

आज रात्रीचा झटका अजून यायचाय. फ्लोमीटर १५ चाच आहे, दुकानातच बघून घेतला.

– प्रतापनगरची लेक