‘गेट’ला हाकलण्यापूर्वी ‘लागणे’कडे एकदा पाहा

तळटीप :
माझ्यासारखेच टोपणनावाने लिहिणाऱ्या ‘पूर्णविराम’ यांचे कालचे टिपण वाचले आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : इंग्रजीतले ‘गेट’ हे क्रियापद म्हणजे आळशी माणसाची कुबडी, ज्याला नेमका शब्द सुचत नाही तोच ते वापरतो, म्हणून विद्यार्थ्यांच्या निबंधांतून ते समूळ उपटून त्या जागी ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ हे शब्द लावायला शिकवावे.

शाळेत हाच उपदेश मीही ऐकला आणि पाळला. परिणाम असा झाला की पुढे कित्येक वर्षे माझे इंग्रजी कोणी तरी इस्त्री करून घडी घातल्यासारखे वाटत असे. चूक एकही नसे आणि जीवही नसे.

आता हाच न्याय मराठीला लावून पाहू. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नाद लागतो; पाऊस पडू लागतो, समोरचा गृहस्थ आपला मामा लागतो, आणि हे सगळे नव्याने मराठी शिकणाऱ्याला मुकाट्याने पाठ करावे लागते. १८५७ च्या मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणे’ या नोंदीने किती जागा अडवली आहे ते पाहावे. ‘लागणे’ला आजवर कोणी आळशी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

‘गेट’चे अर्थ पसरलेले दिसतात, पण त्यांतून एक धागा ओवलेला आहे : आधी जे नव्हते ते आता झाले. ‘गेट अ लेटर’, ‘गेट अँग्री’, ‘गेट होम’, ‘गेट द जोक’. मराठी या चौघांसाठी मिळणे, रागावणे, पोहोचणे आणि कळणे असे चार गडी कामाला लावते. इंग्रजी एकट्याकडून काम उरकून घेते. आणि ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळाले, तर ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटावेच लागणार. एका ‘हॅव’ने संधीची सक्ती झाली. ‘ऑब्टेन’ शिकवून हा फरक कोणत्या विद्यार्थ्याला कळणार आहे, ते पूर्णविराम यांनी सांगावे.

पूर्णविराम :
आपले उत्तर वाचनीय आहे, पण उपमा फसली आहे. ‘भूक लागली’ याला मराठीत दुसरा सरळ पर्यायच नाही. ‘क्षुधा जाणवली’ असे नाटकातला ऋषीसुद्धा म्हणणार नाही. ‘गेट’ला मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पर्याय आहे, आणि तो अधिक नेमका आहे. ‘आय गॉट द पेपर्स’ या वाक्यातून ती कागदपत्रे लेखकाला कोणी पाठवली, त्याने स्वतः जाऊन आणली, मागून घेतली की कोणाच्या टेबलावरून उचलली, यांपैकी काहीही कळत नाही. बोलताना समोरचा माणूस विचारू शकतो. लेखनात वाचकाला ती सोय नसते. माझे टिपण निबंधलेखनाविषयी होते, गप्पांविषयी नव्हते, आणि हा भेद आपण सोयीस्करपणे गाळला आहे.

आडमात्रा :
पूर्णविराम यांच्या बाजूने माझी एक कहाणी. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परदेशी वरिष्ठांना मी पत्रात लिहिले : ‘आय गॉट टू वर्क ऑन संडे.’ मला म्हणायचे होते की रविवारी मला काम करावे लागले आणि त्याची भरपाई म्हणून एक दिवसाची रजा मिळावी. उत्तरात माझ्या उत्साहाचे मनापासून कौतुक केले होते आणि पुढच्या रविवारचे कामही माझ्याकडेच सोपवले होते. मी सक्ती लिहिली, त्यांनी संधी वाचली. त्या दिवसापासून मी ‘हॅड टू’ लिहितो आणि ‘गेट’च्या वाटेला जात नाही. ज्या शब्दाने माणसाची सुट्टी जाते त्याचे गोडवे गायला मी तयार नाही.

तळटीप :
ही कहाणी माझ्याच बाजूची आहे. ‘गॉट टू’ याचा भूतकाळातला अर्थ ‘करायला मिळाले’ असा होतो, हे आपल्याला कोणी शिकवले नव्हते, कारण शिकवणाऱ्यांनी ‘गेट’ वर्गाबाहेर उभे केले होते. आपल्या रविवारचा बळी ‘गेट’ने नव्हे, तर त्याच्या अज्ञानाने घेतला.

आडमात्रा :
माझे अज्ञान काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी अनुभव सांगितला, परीक्षा द्यायला आलो नव्हतो.

वेलांटी :
या सगळ्यात खरा गुन्हेगार बाजूलाच राहिला आहे. अमेरिकनांनी ‘गॉटन’ नावाचे जे रूप काढले आहे, त्यावर कोणी काही बोलणार आहे की नाही? ‘आय हॅव गॉटन’ ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. ‘गेट, गॉट, गॉट’ अशी तीन रूपे आम्ही घोकली. आता मुलीच्या वहीत ‘गॉटन’ दिसते आणि मी ते खोडले की ती मलाच मालिकांमधले संवाद ऐकवते. भाषा मोडून वापरायची आणि त्याला आधुनिकता म्हणायचे, हा प्रकार थांबला पाहिजे.

जुनी पोथी :
वेलांटीताई, काटा येऊ द्या, पण ‘काढले’ हा शब्द मागे घ्या. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये केनच्या जन्मानंतर ईव्ह जे बोलते त्यात ‘आय हॅव गॉटन’ हे शब्द जसेच्या तसे आहेत. रूप जुनेच आहे. अमेरिकेत ते टिकले आणि ब्रिटनमध्ये प्रमाण भाषेतून मागे पडले. घर सोडून गेलेल्याने आजीचा शब्द जपला आणि घरात राहिलेल्याने टाकून दिला, एवढीच ही गोष्ट आहे. शिवाय ‘फॉरगेट’ हे ‘गेट’च्याच कुळातले. त्याचे ‘फॉरगॉटन’ तुम्ही रोज म्हणत असाल. तेव्हा काटा येत नाही का?

वेलांटी :
‘फॉरगॉटन’ची गोष्ट वेगळी आहे.

जुनी पोथी :
कशी?

वेलांटी :
ते बरोबर आहे म्हणून वेगळे आहे. बायबलमध्ये असेलही, त्या काळचे सगळेच आज चालते असे नाही. आम्ही ब्रिटिश इंग्रजी शिकलो, त्याच्याशी प्रामाणिक राहतो; त्यासाठी आम्हाला ताई म्हणून कोपऱ्यात बसवण्याची गरज नाही.

जुनी पोथी :
ताई हा शब्द आदराने लिहिला होता. टोचला असल्यास तो मागे घेतो, ‘गॉटन’ मात्र घेत नाही. अमेरिकनांकडे त्या रूपाला कामही आहे. ‘आय हॅव गॉट इट’ म्हणजे वस्तू माझ्याकडे आहे. ‘आय हॅव गॉटन इट’ म्हणजे मी ती मिळवली आहे. असणे आणि मिळवणे हा भेद ते रूपानेच दाखवतात, ब्रिटिशांना तो संदर्भावर सोडावा लागतो. पूर्णविराम यांना नेमकेपणाचा एवढा सोस असेल, तर ‘गॉटन’चे स्वागत सर्वांत आधी त्यांनी करायला हवे.

पूर्णविराम :
मला या भांडणात ओढू नये. चर्चा ‘गेट’ वापरावे की नाही यावर होती आणि आपण सर्व त्याच्या धातुसाधितावरून हमरीतुमरीवर आला आहात.

अल्पविराम :
मूळ मुद्द्यावर येतो. पर्याय नेहमी अधिक नेमका असतो, हे पूर्णविराम यांचे गृहीतकच मला मान्य नाही. ‘ही वॉज फायर्ड’ आणि ‘ही गॉट फायर्ड’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात नुसती नोंद आहे. दुसऱ्यात त्याच्यावर काही तरी ओढवले, कदाचित त्यानेच ओढवून घेतले, असा सूर ऐकू येतो. मराठीत आपण ‘त्याला मारले गेले’ असे न म्हणता ‘त्याने मार खाल्ला’ म्हणतो, त्याच जातीचा हा फरक आहे. आपली वर्तमानपत्रे हल्ली सरसकट ‘यांच्याद्वारे सांगितले गेले’ असे छापतात, तो स्वतंत्र संतापाचा विषय आहे आणि त्यावर मी एकदा सविस्तर लिहिणारच आहे, तूर्त आवरतो.

दुसरे असे की ‘आय गॉट द रिपोर्ट चेक्ड’ म्हणजे मी अहवाल तपासून घेतला, स्वतः तपासला नाही. ‘तपासला’ आणि ‘तपासून घेतला’ यांत जबाबदारी कोणाची हे बदलते. पूर्णविराम यांच्या यादीतल्या ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ यांपैकी एकही शब्द येथे बसत नाही.

पूर्णविराम :
येथे ‘हॅड द रिपोर्ट चेक्ड’ म्हणता येते.

अल्पविराम :
म्हणता येते, हे खरे. पण त्यात काम रीतसर झाल्यासारखे वाटते. ‘गॉट’मध्ये चार वेळा खेटे घालून ते करवून घेतल्याचा वास येतो. आणि ‘हॅव’चे अर्थ मोजायला बसलात तर त्यालाही निबंधातून काढावे लागेल, मग ‘मेक’ला, मग ‘टेक’ला. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, पुढे कोशाच्या सुधारणेत ‘रन’ने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले. अर्थ पुष्कळ असणे हा गुन्हा मानला, तर पहिली शिक्षा ‘गेट’ला मिळणारच नाही.

पूर्णविराम :
ठीक आहे. बहुमताने मला झोडपायचेच ठरले असेल तर ‘गेट फायर्ड’ आणि ‘गेट चेक्ड’ यांना निबंधात बसायला मी पाट मांडतो. ‘समूळ’ हा शब्द माझ्याकडून घाईत लिहिला गेला, हेही लिहून देतो. पण ‘आय गॉट द पेपर्स’ला करारनाम्यात जागा नाही, आणि ती कागदपत्रे कोणी कशी आणली या माझ्या प्रश्नाला एवढ्या विद्वानांपैकी एकानेही उत्तर दिलेले नाही.

तळटीप :
करारनाम्यापुरते मान्य. तेथे ‘रिसीव्ह’च लिहावे, मीही तेच लिहितो.

आडमात्रा :
म्हणजे मी ‘हॅड टू’ लिहितो तेही मान्य असावे, अशी अज्ञानी माणसाची समजूत आहे.

तळटीप :
‘हॅड टू’ बरोबरच आहे. ‘अज्ञान’ हा शब्द मी वापरायला नको होता.

वेलांटी :
‘फॉरगॉटन’विषयी काल रात्री बराच विचार केला. जुनी पोथी यांचे म्हणणे तर्काने बरोबर दिसते. मुलीच्या वहीतले ‘गॉटन’ आता खोडणार नाही, फक्त पेन्सिलीने खाली रेघ ओढीन.