ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सर्जन सरांना ‘थांबा’ कसं म्हणायचं? टीमला काय शिकवू?

ओटीसिस्टर: नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात ओटी सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात सिझेरियन होतं. पोट बंद करायच्या आधी मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजले तर नऊच. सुरुवातीला घेतले होते दहा. म्हटलं, “सर, एक कमी वाटतोय.” सर म्हणाले, “नीट मोज.” परत नऊच. खरं सांगते, दुसऱ्यांदा तोंडच उघडेना. सरांनी टाके घ्यायला सुरुवात केली. भूलतज्ज्ञ मॅडमनी माझा चेहरा बघून विचारलं, “काउंट जुळला ना गं?” तेव्हा सर थांबले. मॉप आतच होता. बाई आणि बाळ सुखरूप घरी गेले.

सर माणूस वाईट नाही, दर शनिवारी सगळ्या स्टाफला मिसळ खाऊ घालतात. तेच म्हणाले, या शनिवारी तास घ्या. हाताचं काम सगळ्यांना येतं हो, बोलायचं कसं ते शिकवायचंय.

भूलवाला: आधी तो “वाटतोय” काढा. “सर, मॉप नऊ आहेत, दहा हवेत, बंद करू नका.” बस. दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवा. आणि डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) २००८ ची ऑपरेशनची चेकलिस्ट लावा: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी थांबायचं. आठ शहरांत ती वापरून पाहिली (आपली दिल्लीही त्यात होती), तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. पण मोठ्याने वाचायची! आमच्याकडे चहा पिताना एकदम सगळ्या टिका मारायचे.

ओझरकर: डॉक्टर नाही, ओझरला विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं. एक पाना सापडला नाही तर विमान जागचं हलत नाही, साहेब कितीही ओरडोत. १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर उड्डाण घेताना समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने उडवून लावली. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. म्हणजे बोलणारा होता, ऐकणारा नव्हता. ताई, तास तुमच्या सरांचाच घ्या.

ओटीसिस्टर: घेतला दादा! सरांना सिस्टर केलं, मी सर्जन झाले. एक मॉप आधीच ॲप्रनच्या खिशात लपवला होता. सरांनी मोजले, परत मोजले, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “मॅडम, एक कमी वाटतोय.”