मदत हवी आहे: अमेरिकेतल्या मंदीतली सरकारी कामं

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात मला अर्धा तास बोलायचंय. विषय मीच ओढवून घेतलाय: 1930 च्या मंदीत अमेरिकेच्या सरकारने बेकारांना दिलेली कामं.

ढोबळ माहिती जमलीय. 1935 ते 1943 या काळात डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) या सरकारी रोजगार योजनेत सुमारे 85 लाख लोकांना काम मिळालं. रस्ते, पूल, शाळा, उद्यानं. त्याआधी 1933 पासून सीसीसी (सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर) या दुसऱ्या सरकारी योजनेत तरुण पोरं झाडं लावायची. महिना 30 डॉलर, त्यातले बहुतेक थेट घरी. (पोरांच्या हातात पैसे टिकत नाहीत हे तिथेही ठाऊक असावं!)

मला सगळ्यात भावला तो ओरेगन राज्यातला टिंबरलाइन लॉज, डब्ल्यूपीएच्या कामगारांनी डोंगरावर बांधलेलं हॉटेल. जिन्याचे खांब टाकाऊ विजेच्या खांबांचे, शेकोटीची जाळी टायरच्या साखळ्यांची. खडी फोडण्यापलीकडेही रोजगार असतो, सुताराला सुतारकाम आणि लोहाराला लोहारकाम देता येतं, हे यातून दिसतं. माझी आजी 72 च्या दुष्काळात कामावर खडी फोडायची आणि सुकडी पदरात बांधून आणायची, म्हणून हा फरक जास्तच जाणवला.

तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींना विनंती: तिथल्या फुटपाथवर, पुलांवर डब्ल्यूपीए आणि सालाचे ठसे असतात. दिसले तर फोटो काढून गावाच्या नावासकट पाठवाल का? आणि इथल्यांनो, रोजगार हमीत कारागिरांना त्यांच्याच हुन्नराचं काम मिळाल्याचं कुणाच्या घरी ऐकलंय का?